तारे एवढ्या सावकाश का जन्मतात?

आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी फार तर दोन सूर्य घडतील एवढ्याच वायूचे तारे होतात. हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. पण शेजारी दुसरा एक आकडा ठेवला की तो खटकू लागतो. आकाशगंगेतल्या थंड, काळोख्या ढगांत, म्हणजे हायड्रोजन जिथे रेणूंच्या रूपात असतो तिथे, सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका वायू आहे. अशा ढगात सरासरीने दर घनसेंटिमीटरला शंभरेक रेणू असतात. त्याला तोलून धरणारे काहीच नसेल, तर एवढ्या घनतेचा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने सुमारे ३० लाख वर्षांत कोसळेल. पदवीच्या वर्गातला विद्यार्थी हे गणित अर्ध्या पानात करतो. आता १०० कोटींना ३० लाखांनी भागा. वर्षाला तीनशेहून अधिक सूर्य जन्मायला हवेत. जन्मतात दोन.

१९७४ साली बेन झुकरमन आणि पॅट्रिक पामर यांनी याच धाटणीचा हिशेब मांडला, तेव्हा थंड वायूचा माग देणारी कार्बन मोनॉक्साइडची रेडिओ रेषा आकाशात सापडून जेमतेम चार वर्षे झाली होती. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत दुर्बिणी बदलल्या, संगणक आले, आकडे थोडे इकडेतिकडे सरकले. शंभरपटीहून मोठी ती तफावत मात्र जागच्या जागी आहे. या पुस्तकाची सगळी प्रकरणे, काही उघडपणे आणि काही आडवळणाने, तिच्याभोवतीच फिरतात. वायूचा तारा कसा होतो, हा प्रश्न मोलाचा आहेच. पण माझ्या मते या शाखेचा मूळ प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे: बहुतेक वायूचा तारा का होत नाही? वाचकाने हा दुसरा प्रश्न मनात धरून पुढे जावे. मग चुंबकीय क्षेत्र, वायूतली खळबळ, सुपरनोव्हा, दीर्घिकांचे फिरणे हे विषय सुटे सुटे राहत नाहीत. तारे होण्याला लगाम कोण घालतो, या एकाच तपासात ते सगळे येऊन मिळतात.

मराठी वाचक खगोलशास्त्राला नवखा नाही. जयंत नारळीकरांच्या लेखनामुळे विश्वाची उत्पत्ती, कृष्णविवरे, क्वेसार हे शब्द आपल्या घराघरांत पोचले. ताऱ्यांचा मृत्यूही आपल्याला ठाऊक असतो, कारण तो नाट्यमय असतो. जन्म मात्र धुळीच्या आड आणि सावकाश होतो. बहुधा त्यामुळेच त्याच्याविषयी मराठीत लिहिले गेले ते तुलनेने थोडे. ही उणीव मला मनापासून खुपते. खगोलशास्त्रातल्या दोन टोकांना, विश्वाच्या इतिहासाला आणि ग्रहांच्या जन्माला, जोडणारा दुवा नेमका इथेच आहे. दीर्घिका म्हणजे शेवटी वायूचे तारे करणारी व्यवस्था. ती व्यवस्था समजल्याशिवाय दीर्घिका समजत नाही.

तारे आजही जन्मत आहेत, ही कल्पनासुद्धा वाटते तेवढी जुनी नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सगळे तारे कधीतरी पूर्वी एकदमच तयार झाले असावेत, असे मानणे गैर नव्हते. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी ताऱ्यांच्या ऊर्जेचा उगम अणुकेंद्रांच्या मीलनात आहे हे गणिताने दाखवले आणि ताऱ्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडता येऊ लागला. त्यातून एक अडचण पुढे आली. निळे, राक्षसी तारे आपले इंधन इतक्या वेगाने जाळतात की ते काही दशलक्ष वर्षांपलीकडे टिकूच शकत नाहीत. असे तारे आज आकाशात दिसतात, त्या अर्थी ते नुकतेच जन्मलेले असले पाहिजेत. १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी काळ्या ढगांच्या आसपास आढळणाऱ्या, तेज लहरीप्रमाणे बदलणाऱ्या ताऱ्यांचा एक गट वेगळा काढला. ते अजून आकुंचन पावणारे कोवळे सूर्य आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. १९४७ मध्ये आर्मेनियाचे व्हिक्टर आंबार्त्सुमियान यांनी दाखवले, की तरुण ताऱ्यांचे काही विरळ समूह गुरुत्वाकर्षणाने बांधलेले नाहीत, ते पांगत चालले आहेत. पांगणारा समूह अजून ओळखू येतो, याचा अर्थ तो अलीकडेच एकत्र जन्मला. तारकानिर्मिती चालू आहे, आणि तीही घोळक्यांनी, हे या एका युक्तिवादाने पक्के झाले.

त्यातला सगळ्यांत जवळचा मोठा घोळका साध्या द्विनेत्रीतून पाहता येतो. मृग म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो, कारण जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात असतो, आणि म्हणूनच तेव्हा ते नक्षत्र दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र ते डोक्यावर येते. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो, तो मृगातला तेजोमेघ. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षे. त्याच्या पोटात चार तारे दाटीने उभे आहेत. त्यांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तिसाहून अधिक पट आहे आणि आसपासचा वायू मुख्यतः त्याच्या अतिनील प्रकाशाने उजळला आहे. तिथल्या हजारो ताऱ्यांचे वय दहा ते तीस लाख वर्षांच्या घरात. आपल्या मानववंशाचे सुरुवातीचे पूर्वज आफ्रिकेत वावरत होते, त्या सुमारास हे तारे जन्मले. तेजोमेघाचा उजळलेला भाग म्हणजे मागच्या प्रचंड, काळोख्या ढगाची फक्त पेटलेली कड आहे, हे मात्र दुर्बिणीतूनही सहजी उमगत नाही.

काळोखाचे महत्त्व ओळखायला खगोलशास्त्राला वेळ लागला. विल्यम हर्शेल यांना आकाशात जी काळी भगदाडे दिसली, ती खरोखरच ताऱ्यांविना मोकळी आहेत असे दीर्घकाळ वाटत राहिले. लहानपणापासून एका छायाचित्रकाराच्या दुकानात काम केलेल्या एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी आकाशगंगेची छायाचित्रे चिकाटीने घेतली आणि १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या खुणांची यादी छापली. तोवर त्यांचे स्वतःचे मतही ‘ही भोके नसावीत, पुढे आलेले काहीतरी असावे’ या बाजूला झुकले होते. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रंपलर यांनी तारकागुच्छांच्या मापांवरून ताऱ्यांमधल्या जागेत धूळ पसरली आहे हे सिद्ध केले.

बर्नार्ड यांच्या यादीतला ६८ क्रमांकाचा ढग जवळून पाहण्याजोगा आहे. भुजंगधारी तारकासमूहात, चारपाचशे प्रकाशवर्षांवर, जेमतेम अर्ध्या प्रकाशवर्षाचा हा काळा गोळा. दृश्य प्रकाशात त्याच्या आरपार एकही तारा दिसत नाही. २००१ मध्ये जुआंव आल्व्हेस, चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी तो अवरक्त प्रकाशात पाहिला. अवरक्त किरण धुळीतून बरेचसे पार होतात, त्यामुळे ढगामागचे हजारो तारे उमटले. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि तांबडा कमी, म्हणून ज्या ताऱ्यासमोर धूळ अधिक तो अधिक तांबूस दिसतो. या मंडळींनी प्रत्येक ताऱ्याचा तांबूसपणा मोजला आणि त्यावरून त्या त्या दिशेला किती धूळ आहे ते काढले. अशा हजारो बिंदूंवरून ढगाची घनता कडेपासून गाभ्यापर्यंत कशी वाढत जाते याचा आलेख तयार झाला. तो आलेख १९५५-५६ मध्ये एबर्ट आणि बॉनर यांनी कागदावर मांडलेल्या समीकरणाशी आश्चर्यकारकरीत्या जुळला. आतल्या वायूचा दाब आणि गुरुत्वाकर्षण यांची बरोबरी राखणाऱ्या गोळ्याचे ते समीकरण. ढगाचे वस्तुमान दोनेक सूर्यांचे, तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास, आणि स्थिती अशी, की आणखी थोडा भार पडला तर तोल जाईल. तोल जाण्याच्या उंबरठ्यावरची वस्तू इतक्या नेमकेपणाने मोजता येते, हे मला या शाखेतल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

धुळीचा हा उपयोग झाला, पण धूळ वस्तुमानाने वायूच्या शंभराव्या भागाएवढीच. खरा ऐवज हायड्रोजनचा, आणि तो पाहणे सोपे नाही. सुट्या अणूंच्या रूपातला हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये हार्वर्डला यूएन व पर्सेल यांनी त्या लहरी पकडल्या. पण ढग दाट झाला की अणू धूलिकणांवर भेटून जोडीजोडीने रेणू बनतात, आणि थंडीत हा रेणू जवळजवळ काहीच प्रकाश देत नाही. त्याची रचना इतकी समतोल आहे, की कमी तापमानाला प्रारण बाहेर टाकण्याची सोय त्याच्यात नाही. १९७० मध्ये जॉर्ज कॅरुथर्स यांनी अग्निबाणातून नेलेल्या अतिनील उपकरणाने ताऱ्यांमधल्या जागेतला हायड्रोजन रेणू प्रथम हेरला. त्याच वर्षी विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झिअस यांनी मृगातल्या तेजोमेघाकडे रेडिओ दुर्बीण वळवली आणि २.६ मिलिमीटरला कार्बन मोनॉक्साइडची रेषा मिळाली. ही रेषा ठळक, सर्वत्र आढळणारी. तेव्हापासून थंड वायूचे नकाशे तिच्यावरून होऊ लागले.

इथे नव्या वाचकाला एक गोष्ट बजावून सांगायला हवी. कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू, तर हायड्रोजनचे साधारण दहा हजार. म्हणजे आपण मोजतो तो किरकोळ साथीदार, आणि त्याच्यावरून अंदाज बांधतो मुख्य वायूचा. या दोहोंमधला गुणक आपल्या आकाशगंगेत बऱ्यापैकी पारखलेला आहे. ज्या दीर्घिकांत जड मूलद्रव्ये कमी आहेत, तिथे तो मोठ्या फरकाने बदलतो. पुढे वायूचे वस्तुमान दाखवणारा कोणताही आलेख आला, की ते कशावरून काढले आहे, हा प्रश्न आधी विचारावा. बरेच वाद तिथेच मिटतात, आणि काही तिथेच सुरू होतात.

आता त्या लगामाकडे वळू. जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये दाखवले, की दिलेल्या तापमानाच्या आणि घनतेच्या वायूत एका ठरावीक वस्तुमानाहून मोठा तुकडा स्वतःच्या वजनाने कोसळू लागतो. ढग दाट होत गेला की हे वस्तुमान कमी होते, कारण धूळ आणि रेणू उष्णता बाहेर टाकत राहतात आणि वायू दहा केल्विनच्या आसपासच थंड राहतो. म्हणून मोठा ढग एकसंध कोसळत नाही, तो फुटतो. पुढचा प्रवास विलक्षण लांबचा आहे: दर घनसेंटिमीटरला काही दहा हजार कणांपासून ताऱ्याच्या आतल्या घनतेपर्यंत जाताना घनता वीस दशमान स्थानांनी वाढते. कोसळणाऱ्या वायूचे फिरणे त्याला थेट मध्यात पडू देत नाही, म्हणून ताऱ्याभोवती चकती तयार होते आणि वायू तिच्यातून आत झिरपतो. २०१४ मध्ये चिलीतल्या ‘आल्मा’ या दुर्बीणसंचाने साडेचारशे प्रकाशवर्षांवरच्या एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची चकती टिपली, तिच्यातल्या काळ्या-उजळ कड्यांसकट. ती प्रतिमा पुढे आहे. ग्रहांचा विषय मात्र या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

जीन्स यांच्या गणितात वायू शांत आहे. खरा वायू शांत नाही आणि निव्वळ वायूही नाही. त्यात चुंबकीय क्षेत्र गुंतलेले आहे. एस. चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी १९५३ मध्ये एक कल्पक रीत सुचवली: चुंबकीय रेषांच्या दिशेनुसार रांगेत लागणाऱ्या धूलिकणांमुळे ताऱ्यांचा प्रकाश ध्रुवित होतो, त्या ध्रुवणाच्या दिशा जेवढ्या विस्कटलेल्या, तेवढे क्षेत्र दुबळे. ही रीत थोड्याफार सुधारणांसह आजही वापरात आहे. त्याआधी, १९५१ मध्ये, चंद्रशेखर यांनी खळबळीचा दाब जीन्सच्या समीकरणात घालून पाहिला होता. म्हणजे पुढच्या अर्धशतकातल्या दोन्ही विचारधारांची बीजे एकाच माणसाच्या कामात सापडतात.

पहिली धारा म्हणते, चुंबकीय क्षेत्र ढगाला तोलून धरते. विद्युतभारित कण क्षेत्राला चिकटून राहतात, उदासीन कण त्यांच्यातून हळूहळू निसटून मध्यभागी जमतात, आणि या निसटण्यालाच लाखो-कोटी वर्षे लागतात. १९८७ मध्ये फ्रँक शू, फ्रेड अॅडम्स आणि सुसाना लिझानो यांनी लिहिलेल्या आढाव्यामुळे हे चित्र एका पिढीच्या अंगवळणी पडले. दुसरी धारा रिचर्ड लार्सन यांच्या १९८१ च्या निरीक्षणातून वाढली: ढग जेवढा मोठा, तेवढी त्याच्या आतल्या वायूची गती जास्त, आणि ती गती ध्वनीच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक. अशी खळबळ ढगाला एकीकडे आधार देते आणि दुसरीकडे धडकांनी काही ठिकाणी वायू दाबून ताऱ्यांची बीजे घालते. मग क्षेत्राची प्रत्यक्ष मोजमापे हाती येऊ लागली, तेव्हा ते बहुतेक दाट गाभ्यांना एकट्याने रोखण्याइतके जोरदार नाही असे दिसले. खळबळीच्या धारेलाही धक्का बसलाच. १९९८ च्या सुमारास संगणकीय प्रतिमानांनी दाखवले, की क्षेत्र असो वा नसो, खळबळ काही दशलक्ष वर्षांत विरून जाते. तिला कोणीतरी सतत ढवळत राहावे लागते. कोण ढवळते?

मला सर्वांत पटणारे उत्तर असे, की ताऱ्यांच्या जन्मावर ताबा ठेवण्यात खुद्द तारेच आघाडीवर असतात. कोवळ्या ताऱ्याच्या ध्रुवांकडून झोत बाहेर पडतात. रोनाल्ड स्नेल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये वृषभेतल्या एका ढगात ते दोन्ही बाजूंना धावताना ओळखले. मोठ्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश वायूचे आयन करून त्याला दहा हजार अंशांपर्यंत तापवतो. हा तप्त वायू फुगतो आणि ढग आतून फोडतो. ताऱ्याचे वारे, त्याच्या प्रकाशाचा दाब, आणि शेवटी सुपरनोव्हाचा स्फोट हे सगळे त्यात भर घालतात. सुपरनोव्हाला अनेकदा उशीर होतो. पहिला स्फोट व्हायला तीनेक दशलक्ष वर्षे तरी लागतात, आणि तोवर प्रकाशाने आणि वाऱ्यांनी ढगाची बरीच मोडतोड केलेली असते.

हे मोजायचे कसे? ढगाचे आयुष्य कोटी वर्षांचे, आपले निरीक्षण एका क्षणाचे. जत्रेच्या एकाच छायाचित्रात कडेवरची मुले किती आणि काठी टेकणारे किती हे मोजून माणसाच्या आयुष्यात बालपणाचा वाटा केवढा ते सांगावे, तशी ही रीत आहे. शेजारच्या दीर्घिकेत नुसते ढग किती ठिकाणी, ढग आणि तरुण तारे एकत्र किती ठिकाणी, नुसते तरुण तारे किती ठिकाणी, हे मोजायचे. ताऱ्यांच्या आयुष्याची लांबी आपल्याला ठाऊक असते, तिच्यावरून बाकीच्या टप्प्यांची लांबी मिळते. २०१९ मध्ये डिडेरिक क्रुइसेन आणि सहकाऱ्यांनी एनजीसी ३०० या दीर्घिकेवर हे काम केले. ‘फँग्ज’ या प्रकल्पाने आल्मा, मोठ्या दृश्य दुर्बिणी आणि पुढे जेम्स वेब दुर्बीण वापरून ते अनेक जवळच्या दीर्घिकांवर नेले. उत्तर साधारण असे: ढग एक ते तीन कोटी वर्षे टिकतो, त्यातला मोजक्या टक्क्यांचाच वायू तारे होतो, आणि मोठे तारे उगवल्यावर काही दशलक्ष वर्षांत उरलेला पांगतो. पांगलेला वायू नाहीसा होत नाही. तो पुन्हा विरळ होतो, फिरत फिरत पुन्हा कुठेतरी दाटतो, पुन्हा ढग होतो. सूर्य बनण्याआधी त्यातले अणू अशा किती ढगांतून गेले असतील याचा विचार करून मी अजूनही थबकतो.

दीर्घिकेच्या पातळीवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. मार्टेन श्मिट यांनी १९५९ मध्ये सुचवले, की तारे होण्याचा वेग वायूच्या घनतेच्या एखाद्या घातावर ठरत असावा. रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये नेहमीच्या सर्पिल दीर्घिकांपासून तारकानिर्मितीला उधाण आलेल्या दीर्घिकांपर्यंत सगळ्या एका आलेखावर मांडल्या आणि त्या एका सरळ रेषेभोवती बसल्या. घातांक सुमारे १.४. ही रेषा मोहात पाडणारी आहे, म्हणूनच तिच्याशी जपून वागावे. अख्ख्या दीर्घिकेची सरासरी घेतली की ती छान टिकते. काही शे प्रकाशवर्षांच्या चौकटीत पाहिले की मोडते, कारण तिथे एक तर ढग सापडतो किंवा तरुण तारे, दोन्ही एकत्र क्वचितच. मोडण्यातूनच ढगाच्या आयुष्याचे टप्पे समजतात, तेव्हा या अपवादांना दोष समजून बाजूला सारू नये. दुसरा अपवाद आकाशगंगेच्या मध्याजवळचा. तिथे काही कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचा दाट वायू आहे, तरी त्याच्या मानाने तारे अपेक्षेच्या साधारण दहाव्या हिश्श्यानेच होतात. फक्त घनतेने सगळे ठरत असते, तर असे झाले नसते.

शेजारच्या सर्पिल दीर्घिकांत आजच्या वेगाने रेणूंचा वायू संपायला सुमारे २०० कोटी वर्षे लागतील. आपल्या आकाशगंगेच्या वर दिलेल्या आकड्यांतून ५० कोटी निघतात. दोन्ही आकडे दीर्घिकेच्या वयापेक्षा पुष्कळ लहान आहेत. म्हणजे एवढ्या सावकाश चालणाऱ्या या कामालाही वायू बाहेरून मिळत राहायला हवा. इथे विषय विश्वाच्या इतिहासाला जाऊन भिडतो, आणि इथेच महाराष्ट्रातल्या एका दुर्बिणीचे काम येते.

विश्वात तारे जन्मण्याचा वेग सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी शिगेला होता. आज तो त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात सायमन लिली, पिएरो माडाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चित्र उभे केले. घसरण का झाली, हे सांगायला तेव्हाच्या दीर्घिकांत वायू किती होता ते कळायला हवे, आणि अणुरूपातल्या हायड्रोजनची ती २१ सेंटिमीटरची रेषा इतकी क्षीण, की दूरच्या एकट्या दीर्घिकेतून ती पकडणे आजच्या दुर्बिणींना जवळपास अशक्य. जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन भुजांवर कित्येक किलोमीटर पसरलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक तारांच्या जाळीचा आहे. लांब तरंगलांबीला जाळी आरशासारखीच वागते, आणि वारा तिच्यातून निघून जातो.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिका निवडल्या. विश्वाच्या प्रसरणाने त्यांची २१ सेंटिमीटरची लहर ताणून दुप्पट लांब झालेली. प्रत्येक दीर्घिकेची जागा आणि अंतर प्रकाशीय दुर्बिणींच्या पाहणीतून आधीच माहीत होते, त्यामुळे संकेत नेमका कुठे आणि कोणत्या वारंवारतेला असायला हवा हे ठाऊक होते. एकेकटा संकेत गोंगाटात बुडालेला. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक ठेवून सरासरी काढली. गोंगाट एकमेकांना खोडत गेला, रेषा वर आली. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हे काम छापून आले. निष्कर्ष असा, की त्या दीर्घिकांत अणुवायू भरपूर होता, पण तारे इतक्या झपाट्याने होत होते की तो फक्त १०० ते २०० कोटी वर्षे पुरला असता. नवा वायू त्याच गतीने येत राहिला नाही, आणि तारकानिर्मिती ओसरली. हे मोजमाप पूर्वी कोणाला जमले नव्हते. ज्या विद्यार्थ्याला वाटते की या विषयात काही करायचे तर परदेशच गाठावा लागेल, त्याने हा शोधनिबंध मुळातून वाचावा.

आपल्याकडची परंपरा याहून जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची १०० सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली जाई. जमिनीवर पोचतच नाहीत अशा दूर-अवरक्त किरणांत तिने तारे जन्मणाऱ्या अनेक ढगांचे नकाशे केले. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरची अतिनील दुर्बीण शेजारच्या दीर्घिकांतले तरुण, तप्त तारे एकेका पुंजक्याच्या बारकाव्याने दाखवते. रेडिओत वायू, अवरक्तात धूळ, अतिनीलात नवे तारे: हे तिन्ही एकाच दीर्घिकेचे शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय लावून घेतली, तर अर्धे शिक्षण तिथेच होते.

एक मोठा प्रश्न या पुस्तकात पूर्ण सुटलेला नाही, आणि तो शाखेतही सुटलेला नाही. एका ढगातून किती मोठे आणि किती छोटे तारे निघतात? एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये दिलेले प्रमाण आजही पाया म्हणून वापरले जाते: मोठे तारे दुर्मीळ, छोटे विपुल. सूर्याच्या अर्ध्या वस्तुमानाखाली हा चढ मंदावतो, हे नंतर कळले. पण हे प्रमाण आकाशगंगेत ठिकठिकाणी जवळपास सारखेच का दिसते, आणि विश्वाच्या सुरुवातीच्या दीर्घिकांतही ते तसेच होते का? जेम्स वेब दुर्बिणीला अगदी सुरुवातीच्या काळातल्या काही दीर्घिका अपेक्षेहून तेजस्वी दिसल्या आहेत. तिथे वायूचे तारे जास्त कार्यक्षमतेने होत होते, की मोठ्या ताऱ्यांचे प्रमाण जास्त होते, की अधूनमधून उधाण येत होते? तिन्ही बाजूंनी गंभीर माणसे उभी आहेत. मी तिसऱ्या पर्यायाकडे थोडा झुकतो, पण त्यावर पैज लावणार नाही.

वाचायला बसताना काय हवे, ते सांगून थांबतो. बारावीपलीकडचे कलनशास्त्र, पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे भौतिकशास्त्र, आणि दहाच्या घातांची भीती नसणे एवढे पुरे. एकके खगोलशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदात ठेवली आहेत, कारण मूळ शोधनिबंध त्यांतच भेटतात. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी ढगांच्या निरीक्षणांपासून सुरुवात करून मागे यावे, काही बिघडत नाही. बाकीच्यांनी क्रमानेच जावे. पहिल्या प्रकरणात जीन्सचे गणित आहे. त्यातला कोसळण्याचा काळ स्वतः काढावा आणि आरंभी दिलेला ३० लाखांचा आकडा मिळतो का ते तपासून मगच पुढच्या प्रकरणाकडे वळावे.